क्रॅगसाइडचं पाणी : प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर

मुख्याध्यापिका बाईंनी विषय मान्य केला. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात यंदा आठवीच्या मुलांचं एकच मोठं दालन : इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलँडमध्ये रॉथबरी गावाजवळ असलेली क्रॅगसाइड ही इस्टेट. आठ फलक आणि एक चालतं मॉडेल. बाईंचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता, "खोपोलीच्या पोरांनी विलायतेतल्या श्रीमंताचा बंगला कशाला करायचा?" म्हटलं, बाई, पाण्यावर वीज करून घर उजळायचा उद्योग जगात पहिल्यांदा त्या घरात झाला, १८७८ मध्ये. आपल्या डोंगरावरून उतरणारे टाटांचे पाईप १९१५ पासून वीज देतायत. मुलं ते पाईप रोज बघतात, पण त्यामागची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही.

आजच एक ठरवून टाकलं. घराच्या खोल्या, गालिचे, झुंबरं असलं काही दाखवायचं नाही. दाखवायचं पाणी : कुठून आलं, किती उंचीवरून पडलं, काय काम करून गेलं. आणि पाण्यासोबत पैसा, तो कुठून आला.

११ डिसेंबर

फलक १ चा मजकूर. मालक विल्यम आर्मस्ट्राँग, जन्म १८१० चा, न्यूकॅसलचा. शिक्षणाने वकील, दहाएक वर्षं वकिली केलीसुद्धा. पण जीव यंत्रात. साधारण १८३५ साली डेंटडेल भागात डी नदीवर मासे धरायला बसलेला असताना एका संगमरवराच्या खाणीवर पाणचक्की फिरताना त्याने पाहिली. इतकं पाणी वरून खाली येतंय आणि चक्की त्यातला जेमतेम विसावा भाग वापरतेय, हा हिशोब त्याने तिथेच मांडला. पुढचं सगळं आयुष्य त्या उरलेल्या एकोणीस भागांच्या मागे गेलं असं म्हणायला हरकत नाही. पाण्याच्या दाबावर चालणारी गोदीतली क्रेन त्याने १८४५ च्या सुमाराला काढली, १८४७ मध्ये न्यूकॅसलजवळ एल्झविकला कारखाना टाकला आणि वकिली सुटली.

मुलांना हा फलक लगेच कळला. एकाने विचारलं, "काका, गळाला मासा लागला का पण?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१८ डिसेंबर

आज वाद झाला. फलक २ पैशाचा. क्रेन आणि पूल विकूनही आर्मस्ट्राँग श्रीमंत झालाच असता, पण एवढी इस्टेट उभी राहिली ती तोफांवर. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश तोफा किती जड आणि जुनाट आहेत ते उघडं पडलं. त्यावर त्याने मागून भरायची, आतून आटे पाडलेली हलकी तोफ तयार केली. तिचे पेटंट हक्क त्याने सरकारला देऊन टाकले, त्याबद्दल १८५९ मध्ये 'सर' झाला आणि सरकारी कामावर रुजू झाला. १८६० मध्ये या तोफा चीनमधल्या लढाईत वापरल्या गेल्या. १८६३ मध्ये त्याने सरकारी पद सोडलं, सरकारी मागणीही आटली. मग कारखान्याने बाहेर गिऱ्हाईक शोधलं. अमेरिकेत यादवी चालू होती, माल दोन्ही बाजूंना गेला.

आणि त्याच १८६३ मध्ये त्याने रॉथबरीला डेब्डन ओढ्याकाठी थोडी जमीन घेतली. लहानपणी आजारी असायचा तेव्हा हवापालटाला याच भागात येत असे. बांधायचं ठरलं ते सुट्टीत राहायला, मासे मारायला एक छोटं घर.

विज्ञानाचे सर म्हणाले, तोफांचा फलक नको, मुलांचं प्रदर्शन आहे, उगाच चर्चा होते. मी अडून बसलो. हा फलक काढला तर उरते ती एका हुशार दयाळू म्हाताऱ्याची गोष्ट, आणि ती अर्धी खोटी. शेवटी बाईंनी निवाडा दिला : फलक राहील, तोफेचं चित्र लहान करा. ठीक आहे.

२६ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत मुलं मोकळी, म्हणून मॉडेलचं काम काढलं. शाळेच्या गच्चीवर दोनशे लिटरचा निळा ड्रम, तिथून अर्ध्या इंची पाईप खाली व्हरांड्यात. मोजपट्टी सोडून उंची मोजली, साडेसहा मीटर. खाली सहा मिलिमीटरचं तोंड ठेवलं, तर हिशोबाने पाणी सेकंदाला अकरा मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडायला हवं, म्हणजे सेकंदाला तिसरा भाग लिटर. ड्रम दहा मिनिटांत रिकामा. पाण्याच्या धारेत ताकद वीस वॅट, आमच्या घरगुती चाकातून हाती लागेल त्याचा दहावा हिस्सा. एलईडीला तेवढी पुरे.

चाक प्लास्टिकच्या चमच्यांचं. जुन्या सीडीच्या कडेला चमचे बसवायचे, मागे प्रिंटरमधून काढलेली छोटी डीसी मोटर. चमच्याची दांडी किती कापायची यावर मुलींच्या गटाने पुष्कळ डोकं चालवलं आणि आखूड दांडीच्या बाजूने कौल दिला. लांब दांडी धारेने वाकते, हे त्यांनी करून पाहिलं.

२ जानेवारी

फलक ३, इस्टेटीची वाढ. हे भराभर लिहून टाकलं. पहिलं घर साधंच, १८६० च्या दशकात झालं. १८६९ मध्ये रिचर्ड नॉर्मन शॉ हा वास्तुविशारद पाहुणा म्हणून आला. बाकी मंडळी शिकारीला गेली होती, तेवढ्या वेळात शॉने वाढीव घराचा आराखडा कागदावर उतरवला अशी हकिगत आहे. पुढच्याच वर्षी रॉथबरीपर्यंत रेल्वे आली. मग सुट्टीचं घर कायमचं घर झालं आणि जवळजवळ पंधरा वर्षं बांधकाम चालू राहिलं.

माझं मत विचाराल तर घर बाहेरून काही देखणं नाही. कड्याच्या पोटात घुसवलेलं, एक शिखर इकडे, एक धुराडं तिकडे, जशी सुचत गेली तशी जोडलेली अंगं. पण भोवतालचा डोंगर पाहावा. मूळचं ते उघडं खडकाळ माळरान. आर्मस्ट्राँग आणि त्याची पत्नी मार्गारेट यांनी तिथे सत्तर लाखांवर झाडं-झुडपं लावून घेतली. उत्तर अमेरिकेतले उंच सूचिपर्णी वृक्ष, ऱ्होडोडेंड्रॉन, खडकांत रचलेली बाग. बागेत मार्गारेटचं लक्ष मोठं होतं. जमीन वाढत वाढत १,७०० एकरांच्या वर गेली. मूलबाळ नव्हतं त्यांना. हे सगळं पुढे कुणासाठी, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला असणार.

९ जानेवारी

फलक ४. आजचा दिवस हिशोबाचा, आणि मला सगळ्यात आवडलेला.

आधी पाण्याचा दाब. डेब्डन ओढा अडवून टंबल्टन नावाचं तळं केलं. ओढ्याच्या जोरावर चालणारे पंप ते पाणी घराच्या वरच्या टाकीत चढवायचे आणि टाकीतून ते उतारानं घरात यायचं. त्यावर काय काय चालायचं? नळ आणि न्हाणीघरं तर सोडाच. लिफ्ट चालायची, म्हणजे नोकरांना कोळशाच्या बादल्या जिन्याने वर न्यायला नकोत. स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई पाण्याच्या यंत्रावर गरागरा फिरायची. तुर्की पद्धतीची स्नानगृहं होती. काचघरात फळझाडांच्या कुंड्या फिरत्या बैठकीवर, सगळ्या बाजूंनी सारखं ऊन मिळावं म्हणून.

मग वीज. १८७८ मध्ये ओढ्यावर टर्बाइन म्हणजे पाण्याने फिरणारं चाक, त्याला जोडलेला सीमेन्सचा डायनामो, म्हणजे वीज करणारं यंत्र, आणि घराच्या चित्रदालनात एक आर्क दिवा. आर्क दिवा म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधली ठिणगी. उजेड डोळे दिपवणारा, वर फुसफुस आवाज. दिवाणखान्यात बसून वाचायला निरुपयोगी. न्यूकॅसलचाच जोसेफ स्वान तेव्हा काचेच्या बल्बवर झटत होता, आर्मस्ट्राँगचा स्नेही. १८८० च्या डिसेंबरात स्वानचे बल्ब क्रॅगसाइडला बसले आणि एखादं घर पूर्णपणे या दिव्यांनी उजळायची ती पहिली नीट व्यवस्था ठरली.

जानेवारी १८८१ मध्ये आर्मस्ट्राँगने एका इंग्रजी अभियांत्रिकी नियतकालिकाला पत्र लिहून सगळा तपशील दिला. माणूस मूळचा वकील, पण पत्र इंजिनिअरचं : घरात ४५ दिवे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत प्रवाह वळवता येत असल्याने एका वेळी ३७ च्या वर लागत नाहीत. टर्बाइन सहा अश्वशक्तीचं, पाण्याची उंची २९ फूट. डायनामो घरापासून १,५०० यार्डांवर. आणि त्यात एक वाक्य असं की ओढाच घराला उजेड देतो आणि त्यात काहीही जळत नाही. कोळशाच्या राजधानीत राहणारा माणूस हे लिहितोय.

मुलांना फळ्यावर सोडवायला दिलं. २९ फूट म्हणजे ८.८ मीटर. सहा अश्वशक्ती म्हणजे साडेचार किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर सेकंदाला किती पाणी? उत्तर ७४ लिटर. दर सेकंदाला पाच-सहा बादल्या, रात्रभर. एका मुलीने विचारलं, उन्हाळ्यात ओढा आटला तर काय? अगदी बरोबर प्रश्न. त्याचं उत्तर १८८६ मध्ये आलं. आर्मस्ट्राँगने वर माळावर नेलीज मॉस नावाची तळी केली आणि खाली बर्नफूटला नवं वीजघर बांधलं. तळ्यापासून वीजघरापर्यंत उतार ३४० फूट. आता तेच गणित १०४ मीटरने करा. सव्वासहा लिटर! तेवढीच वीज आणि पाणी बारा पटींनी कमी. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही, मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणून टाटाने घाटावर धरण बांधलं, खाली नाही."

अर्थात. लोणावळ्याची तळी वर, पॉवर हाऊस खोपोलीत, मध्ये पाचशे मीटरच्या वर उतार. तत्त्व एकच. फरक इतकाच की तिथे एका घरापुरतं आणि इथे गिरण्यांच्या मुंबईपुरतं.

१४ जानेवारी

तीळगूळ वाटला, काम थोडंच. तारेचा हिशोब केला. १,५०० यार्ड म्हणजे १,३७० मीटर, जाऊन-येऊन पावणेतीन किलोमीटर तांबं. तार ४५ चौरस मिलिमीटरची जाड धरली तरी रोध एक ओहमच्या आसपास. वीस अँपिअर वाहिले तर वाटेतच वीस व्होल्ट आणि चारशे वॅट गेले. तांब्याची किंमत वेगळीच. म्हणजे वीज लांब न्यायची अडचण या घराने पहिल्या वर्षापासून भोगली. वीज मंडळात नोकरीला असताना लाइन लॉसवर, म्हणजे तारेत वाया जाणाऱ्या विजेवर, जेवढ्या बैठका मी बसून काढल्या तेवढ्या त्या माणसाने नक्कीच काढल्या नसतील.

२१ जानेवारी

ग्रंथालयातल्या कलशांचे दिवे. हा भाग फलकावर नुसता लिहून भागणार नाही, करून दाखवायचा असं पहिल्यापासून मनात होतं.

आर्मस्ट्राँगने काय केलं ते बघा. ग्रंथालयात मिनाकाम केलेले तांब्याचे मोठे कलश होते. त्यांच्या माथ्यावर बल्ब बसवला. आत येणाऱ्या प्रवाहासाठी बैठकीच्या मध्यभागी पाऱ्याची छोटी वाटी, बैठकीपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवलेली. कलशाच्या बुडाला भोक, त्यातून वर बल्बपर्यंत जाणारी वेष्टित तार. तिचं खालचं टोक तेवढं उघडं. कलश जागेवर ठेवला की ते टोक पाऱ्यात बुडतं. परतीची तार लागतच नाही, कलशाचं तांबंच प्रवाह खाली बैठकीत आणतं. दिवा मालवायचाय? कलश उचला. लावायचाय? परत ठेवा. भिंतीवरचं बटण ही गोष्ट अजून रुळलेली नसताना आख्खा कलशच बटण.

पारा मुलांच्या हाती द्यायचा प्रश्नच नाही. त्याऐवजी स्पंजचा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिला, एलईडी पेटला पण मिणमिणता. मग मिस्त्रींनी डोकं लढवलं. जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग काढून वाटीच्या जागी उभी केली. वरून तांब्याचा गडू ठेवला की आतल्या तारेचं टोक स्प्रिंगवर दाबलं जातं. गडू आमच्या घरातला, बुडाला भोक पाडायला हिने आधी साफ नकार दिला होता. "पूजेचा नाही ना तो? मग न्या." चार व्होल्टच्या पुढे जायचं नाही हे तीनदा सांगून झालं, गडूला हात लावणारच सगळे.

मूळ मांडणीत ते कलश हाताळणं किती धोक्याचं होतं याचा विचार केला की अंगावर काटा येतो. प्रवाह अंगावर घेऊन उभं असलेलं तांबं, आणि उचलायचं कुणी? बहुतेक नोकरांनीच.

२९ जानेवारी

फलक ५, माणसं. इथेही सरांना थोडं खटकलं, पण या वेळी ते माझ्या बाजूला आले.

१८७१ मध्ये न्यूकॅसलच्या यंत्रकामगारांनी कामाचा दिवस नऊ तासांचा असावा म्हणून संप केला. मे ते ऑक्टोबर, जवळजवळ पाच महिने. मालकांच्या बाजूचा पुढारी आर्मस्ट्राँग. बाहेरून, परदेशातूनसुद्धा माणसं आणून कारखाने चालवायचा प्रयत्न झाला. शेवटी कामगार जिंकले, नऊ तास मान्य झाले. त्याच वेळी इकडे डोंगरात शॉच्या आराखड्याप्रमाणे भिंती चढत होत्या. न्यूकॅसलला त्याने दवाखाने, शिक्षणसंस्था, जेस्मंड डीनची बाग यांसाठी सढळ हाताने दिलं हेही खरं आहे आणि तेही त्याच फलकावर लिहिलंय. दोन्ही शेजारी शेजारी, मध्ये 'परंतु' न घालता.

५ फेब्रुवारी

फलक ६, पाहुणे. हा लहानच ठेवला. ऑगस्ट १८८४ मध्ये युवराज एडवर्ड, युवराज्ञी आणि त्यांची पाच मुलं राहून गेली. त्यांच्यासाठी नवा दिवाणखाना पुरा केला होता, त्यात दहा टन वजनाची संगमरवरी शेकोटी. डोंगरभर हजारो दिवे लावले होते. पुढे इराणचे शहा आले, सयामचे राजे आले, चीनचे मुत्सद्दी ली हुंगचांग आले. यातले बरेचसे पाहुणे म्हणजे गिऱ्हाईकच, एल्झविकला तोफा आणि युद्धनौका बघायच्या आणि मग क्रॅगसाइडला जेवायला यायचं. म्हणजे घराची लिफ्ट, दिवे, फिरती सळई हे सगळं मालाचं प्रदर्शनही होतं. आमच्याकडे मोठे ठेकेदार साहेबांना फार्म हाऊसवर नेतात तसंच, फक्त आर्मस्ट्राँगच्या फार्म हाऊसवर बघण्यासारखं काहीतरी होतं.

१२ फेब्रुवारी

मॉडेल गळतंय. गच्चीच्या कठड्यावर पाईप वळवायला एल्बो बसवलाय तिथून थेंब, टेफ्लॉन टेप तिथे टिकत नाही. सोल्युशन लावून चोवीस तास सुकायला ठेवलं. खालचं पाणी वाया जाऊ नये म्हणून पत्र्याच्या पन्हळीतून बागेत सोडलंय, बाईंची अट होती. बॉल व्हॉल्व्ह मात्र झकास बसला, पाव उघडला तरी धार नीट चमच्यावर पडते.

फलक ७ पूर्ण. १८६३ मध्येच ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या न्यूकॅसल अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आर्मस्ट्राँग म्हणाला होता की खप असाच वाढत गेला तर ब्रिटनचा कोळसा दोनेकशे वर्षांत संपेल. श्रोते बहुतेक कोळशावर जगणारे. तोच इशारा पुढे त्याला पाण्याकडे आणि नंतर सूर्याच्या उष्णतेच्या विचाराकडे घेऊन गेला. आजच्या 'हरित ऊर्जे'चा संत म्हणून काही लोक त्याला मिरवतात. मुलांना म्हटलं, सावकाश घ्या. कोळसा संपेल ही त्याची काळजी होती, धूर होतो ही नव्हे.

१९ फेब्रुवारी

फलक ८, नंतरचं. मार्गारेट १८९३ मध्ये गेली. १८८७ मध्ये लॉर्ड झालेला आर्मस्ट्राँग २७ डिसेंबर १९०० ला गेला, नव्वदीचा होऊन. त्याआधी म्हातारपणी, १८९४ मध्ये, त्याने समुद्रकाठचा बॅम्बरा किल्ला विकत घेऊन डागडुजी काढली होती. वारस बहिणीचा नातू विल्यम वॉटसन-आर्मस्ट्राँग. त्याला पैशाची चणचण लागली, १९१० मध्ये गाजलेली चित्रं लिलावात निघाली. १९४५ मध्ये घर सार्वजनिक विजेच्या जाळ्याला जोडलं गेलं. १९७७ मध्ये इस्टेट नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आली आणि १९७९ पासून लोकांना खुली आहे. २०१४ मध्ये टंबल्टन तळ्याच्या बांधाशी १७ मीटर लांबीचा आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे तिरपं मोठं मळसूत्र, बसवला. पाणी त्यातून उतरतं, स्क्रू फिरतो, १२ किलोवॅटची सोय. घराच्या दिव्यांपुरती वीज पुन्हा ओढ्यातून.

फ्लेक्स छपाईला दिले. हस्तलिखित फलक सुंदर दिसतात यावर आमचं एकमत होतं, पण मुलांच्या परीक्षा तोंडावर.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन. मॉडेल दिवसभर चाललं. गच्चीवरचा ड्रम भरायला दोन मुलं कायम, खाली व्हॉल्व्हवर एक. गडूच्या दिव्यापाशी रांग हटेना, आयांचीच जास्त. एका आजोबांनी तोफांचा फलक उभ्याउभ्या संपूर्ण वाचला आणि सरांना म्हणाले, "हे बरं केलंत, नाहीतर पैसा कुठून आला कुणी सांगत नाही." सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले एकजण आले होते. बर्नफूटचं गणित त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि ७० टक्के कार्यक्षमतेवर हुज्जत घातली. त्यांच्या मते त्या काळी साठच धरा. धरली. मग सव्वासहाचे सव्वासात होतात. मुलांनी फलकावर पेन्सिलीने दुरुस्ती केली.

६ मार्च

पुढच्या महिन्यात दालन शेजारच्या गावच्या शाळेत जाणार. त्यांची गच्ची एकमजली, उंची तीन मीटरच मिळेल. तेव्हा तोंड सहाऐवजी आठ मिलिमीटरचं करून बघायचं, ड्रमही दुसरा लागेल कारण पाणी जास्त जाणार. फलक ४ वर ६० आणि ७० टक्के दोन्ही आकडे छापून घ्यायचे. एल्बो बदलायचा. गडू घरी मागितला आहे, दुसरा आणावा लागेल.